तानपुऱ्याचा षड्ज कुणाच्या मालकीचा?

'सैराट' थिएटरात जोरात चालू होता तेव्हा त्याची चोरटी प्रत आमच्या सांगलीत मोबाइल रिचार्जच्या टपरीवर पेनड्राइव्हमध्ये भरून मिळायची. गिऱ्हाइकालाही त्यात काही वावगं वाटत नसे. त्यामुळे सिनेमाच्या चोरीला चोरी म्हणायला माझी ना नाही. सिनेउद्योगाचं वर्षाला वीस हजार कोटींचं नुकसान होतं असं केंद्र सरकार सांगतं. 2023 मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा कडक झाला. तीन महिने ते तीन वर्षं कैद, किमान तीन लाख दंड आणि तो निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. चोराला खुशाल द्या ही शिक्षा. माझं भांडण आहे ते चोराला गाठायच्या नादात जे पायदळी जातात त्यांच्यासाठी.

मी छोट्या धंदेवाल्यांच्या वेबसाइट बनवते आणि सांभाळते. तासगावचे बेदाणा व्यापारी, हळदीचे अडते, एक दातांचा दवाखाना आणि मिरजेत तानपुरे बनवणारे एक चाचा. बहुतेकांच्या साइट एकाच भाड्याच्या सर्व्हरवर, माझ्या एकाच खात्यात असतात. वर्षाचे पैसेसुद्धा दिवाळीनंतर देणाऱ्या गिऱ्हाइकाला स्वतंत्र सर्व्हर कसा परवडणार?

चाचांचे तानपुरे परदेशातही जातात. ऑर्डर देण्याआधी लोकांना आवाज ऐकायचा असतो, म्हणून दुकानाचं शटर ओढून, पंखा बंद करून आम्ही मोबाइलवर एक तानपुरा रेकॉर्ड केला. जवारीचं, म्हणजे तारेचा झंकार जुळवायचं, काम चाचांनी आदल्या दिवशी केलेलं. घोडीवरून दोरा केसभर सरकवायचा, तार छेडायची, मान हलवायची, पुन्हा सरकवायचा, असं संध्याकाळपर्यंत चाललेलं. काळी एक ही त्याची पट्टी, म्हणून फाइलला नाव दिलं 'तानपुरा काळी एक'. दुसरं काय देणार?

काही महिन्यांनी ईमेल आली. ही फाइल म्हणजे एका संगीत कंपनीच्या अल्बमची चोरी आहे, अशी तक्रार. त्या अल्बममध्येही काळी एकचा तानपुरा होता. तक्रार यंत्राने पाठवलेली होती आणि माझ्या अंदाजाने त्याने फक्त नाव जुळवलं होतं. खरं तर आवाज जुळवला असता तरी काय? काळी एकला लावलेला तानपुरा काळी एकचाच षड्ज देणार. आमचा सर्व्हर ज्या अमेरिकन कंपनीचा, तिने फाइल बंद केली नाही, अख्खं खातं बंद केलं. पहिला फोन बेदाणेवाल्यांचा. "मॅडम, पार्टीला रेट बघायचाय आणि साइटवर 'सस्पेंडेड' येतंय. पैसे भरायचे ऱ्हायलेत काय?" मी फाइल काढून टाकल्यावर खातं उघडलं, पण तोवर त्यांचा सौद्याचा दिवस गेला होता.

चाचा मात्र हटून बसले. "ताई, भोपळा माझा, तारा माझ्या, जवारी माझ्या हातची. मग मी चोरलं कुणाचं?"

उत्तर द्यायची सोय आहे. अमेरिकेच्या 1998 च्या कॉपीराइटविषयक कायद्यात प्रतिनोटिशीची तरतूद आहे. त्यात खरं नाव-पत्ता द्यायचा, तक्रार चुकीची आहे असं शपथेवर सांगायचं आणि अमेरिकेतल्या संघीय न्यायालयाचा अधिकार आपल्यावर चालेल हेही मान्य करायचं. मग तक्रारदार कोर्टात गेला नाही तर दहा ते चौदा कामाच्या दिवसांत मजकूर परत येतो. चाचांनी सही करायच्या आधी विचारलं, "म्हणजे अमेरिकेला जावं लागंल काय?" कोर्टात कुणी गेलं नाही. फाइल परत आली. तक्रारदाराने ना दिलगिरी कळवली, ना त्याचा एक पैसा गेला.

आपला कायदा कागदावर याहून बरा आहे. 2013 च्या कॉपीराइट नियमांतला 75 वा नियम सांगतो की तक्रार करणाऱ्याने दावा दाखल करायची हमी द्यायची आणि 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आणायचा. मजकूर साठवणाऱ्याने 36 तासांत तो उतरवायचा, आणि मुदतीत आदेश आला नाही तर त्याला तो पुन्हा चढवता येतो. 'येतो' म्हणजे चढवलाच पाहिजे असं नाही. निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध कॉपीराइट कायद्याच्या कलम 60 खाली दावा लावता येतो हेही खरं, पण वकिलाची फी ऐकली की माझं गिऱ्हाईक साइटच बंद करा म्हणेल.

कोर्टांचाही अनुभव संमिश्र आहे. 2012 मध्ये '3' या तमिळ सिनेमासाठी मद्रास उच्च न्यायालयाने अज्ञात प्रतिवादींविरुद्ध आदेश दिला आणि इंटरनेट कंपन्यांनी व्हिमिओसारख्या व्हिडिओच्या साइट सरसकट बंद केल्या. आदेश ठरावीक लिंकपुरताच आहे, असा खुलासा न्यायालयाला पुढे करावा लागला. तरी 2017 मध्ये 'जब हॅरी मेट सेजल'च्या वेळी अडीच हजारांहून जास्त साइटच्या यादीत इंटरनेट आर्काइव्ह सापडलं. जुनी पुस्तकं आणि ध्वनिमुद्रिका जपणारं हे ग्रंथालय भारतात बंद झालं आणि ते का, हे त्यांना स्वतः विचारत बसावं लागलं. त्यांच्याबद्दल जगभर बातम्या तरी आल्या. त्या यादीत आणखी कोण निष्पाप होतं, हे कोण तपासणार?

परदेशात तर यंत्रालाच मुखत्यारपत्र दिल्यासारखं झालंय. इटलीत फुटबॉलचं चोरटं प्रक्षेपण रोखायला 'पायरसी शील्ड' नावाची यंत्रणा 2024 मध्ये सुरू झाली. तक्रार आली की अर्ध्या तासात साइटचा इंटरनेटवरचा पत्ता बंद करायचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिने गुगल ड्राइव्हच काही तास बंद पाडलं. गुगलचा आवाज लगेच ऐकला जातो. स्पेनमध्ये 2025 पासून ला लिगा या फुटबॉल लीगचे सामने असले की क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीचे काही पत्ते रोखले जातात आणि त्या पत्त्यांच्या आडोशाला असलेली फुटबॉलशी संबंध नसलेली दुकानं त्या वेळात बंद पडतात. एका पत्त्यावर शेकडो साइट असतात, हे आमच्या धंद्यात पहिल्या महिन्याला आलेल्या पोरालाही ठाऊक असतं.

आपल्याकडे नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राने 12 नोडल अधिकारी नेमले. कोर्टात न जाता त्यांच्याकडे तक्रार करायची आणि 48 तासांत मजकूर हटवायचा, असा बेत आहे. तक्रारदार स्वतः हक्कदार नसेल तर अधिकारी गरजेप्रमाणे सुनावणी घेऊ शकतो. पण हक्कदाराचीही चूक होऊ शकते, आणि चाचांना चोर ठरवणारा स्वतःला हक्कदारच म्हणवत होता.

नवं काही शोधायला नको. 2016 मध्ये 'ढिशूम' सिनेमाच्या वेळी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी अख्ख्या साइट बंद करायला नकार दिला होता. एकेक लिंक तपासून, शपथपत्रावर यादी मागितली. बंद पानावर कारण दिसलं पाहिजे आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला कुठे दाद मागायची तेही कळलं पाहिजे, असं बजावलं. नोडल अधिकाऱ्यांनी त्या आदेशाची प्रत टेबलावर ठेवावी. त्यात एक भर घालावी. तक्रार चुकीची निघाली तर बंद काळातलं नुकसान आणि वकिलाची फी तक्रारदाराने भरायची. स्वतःचं नुकसान वीस हजार कोटींत मोजणाऱ्या उद्योगाला बेदाणेवाल्याच्या एका सौद्याचे पैसे जड जाऊ नयेत.