विश्लेषण : खाडीतील मासेमारीसाठी कयाक घेताना रुंदी पाहा, पण आधी ओहोटी पाहा!

ठाणे, डोंबिवली आणि कल्याणच्या खाडीकाठी गरी टाकून बसणाऱ्या हौशींना आता स्वतःची कयाक खुणावू लागली आहे. घेताना पहिला प्रश्न असतो, ‘ही कलंडणार तर नाही ना?’ प्रश्न रास्त आहे, पण आपल्या खाडीत तो अर्धाच आहे.

स्थैर्य कशावर ठरते?

मुख्यतः रुंदीवर. लांबी आणि आकार तोच ठेवला, तर कयाक सरळ ठेवण्यातील रुंदीचा वाटा रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ७० सेंटीमीटरऐवजी ८५ सेंटीमीटर रुंदी घेतली, तर तो सुमारे १.८ पट होतो. मात्र आसन उंच असेल तर गुरुत्वमध्य वर सरकतो आणि ही कमाई घटते. म्हणून नवख्याने रुंद, सपाट तळाची, बुटक्या आसनाची कयाक घ्यावी. वर उघडी बसायची सोय असलेली ‘सिट-ऑन-टॉप’ कयाक उलटली तरी पुन्हा चढणे सोपे जाते.

पॅडलची की वल्ह्याची?

पायाने चालवायच्या कयाकमुळे हात गरीसाठी मोकळे राहतात. पण तिचे पाते तळाखाली असते. उथळ पाण्यात ते गाळात, प्लास्टिकच्या पिशव्यांत आणि जुन्या जाळ्यांत अडकते. इथे साधे वल्हेच बरे. हवा भरायची कयाक फ्लॅटमध्ये ठेवायला सोयीची असली, तरी कालवे चिकटलेल्या दगडांची धार तिला परवडत नाही. टणक प्लास्टिकची दहा-बारा फुटी कयाक टिकाऊ असते, पण ती सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावणार नाही. ठेवायची जागा आधी ठरवा.

खरा धोका कोणता?

गाळात रुतण्याचा. दोन भरतींमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर असते. भरती संपल्यावर दोन तासांनी तुम्ही रुतलात, तर पाणी पुन्हा तेवढे चढायला ढोबळमानाने आठ तास लागतात. उतरून चालायला जावे, तर चिखल मांडीपर्यंत ओढतो. अशा वेळी कयाक न सोडता मदत मागणे हाच शहाणपणा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जास्त चढते आणि तितकेच खाली जाते. नवख्याने भांगाचे दिवस निवडावेत. वर्तमानपत्रातील भरतीची वेळ मुंबईची असते. दुर्गाडीपर्यंत पाणी त्यानंतर पोहोचते. किती उशिरा, हे काठावरच्या कोळी बांधवांना विचारावे.

कुठेही उतरता येते का?

नाही. ठाणे खाडीचा काही भाग २०१५पासून फ्लेमिंगो अभयारण्य असून २०२२मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय कयाक नेऊ नये.

मग निवड कशी करावी?

रुंद, बुटकी, हलकी आणि साधी. उरलेल्या पैशांतून चांगले लाइफ जॅकेट, शिट्टी आणि फोनसाठी पाणीरोधक पिशवी घ्या. महापालिकांनीही गणेशघाटांवर स्थानिक भरती-ओहोटीच्या वेळांचे फलक लावावेत. त्याला फार खर्च येणार नाही. तोवर एक नियम पाळा : पाणी चढत असताना निघा आणि ते उतरू लागण्याआधी काठाला लागा. जिताडा उद्याही मिळेल.