वास्तू जगवा, पण दार बंद करू नका

मुरुम - वापराविना पडून राहिलेल्या जुन्या वास्तूंचे करायचे काय, या प्रश्नाला पाश्चात्त्य देशांनी आपल्या परीने उत्तर शोधले. भाविक घटल्याने बंद पडलेल्या चर्चमध्ये तेथे उपाहारगृहे थाटली गेली. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे १९०२ च्या चर्चमध्ये १९९६ मध्ये उपाहारगृह सुरू झाले. वास्तू वापरात राहिली की छप्पर गळत नाही, भिंती ढासळत नाहीत, हा त्यामागील व्यवहार.

हाच व्यवहार आपल्याकडे लागू करताना मात्र एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. येथील वास्तू ओस पडल्या, तरी लोकांचे त्यांच्याशी असलेले नाते तुटलेले नसते. गोवा-सिंधुदुर्ग सीमेवरील तेरेखोल किल्ला हे त्याचे बोलके उदाहरण होय. सावंतवाडीकरांचा हा किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींनी येथे तिरंगा फडकविला. पुढे या किल्ल्याचे हॉटेल झाले. आवारातील सेंट अँथनी चर्च मात्र चर्चच राहिले. वार्षिक उत्सवाला ते गावासाठी उघडले जाऊ लागले. वास्तू वाचली, पण गावाचा तेथील वावर ठराविक प्रसंगांपुरता उरला.

मुरुमकरांना हा विषय दूरचा नाही. बोरी नदीवरील पाणी महालासाठी प्रसिद्ध असलेला नळदुर्ग किल्ला राज्य शासनाने २०१४ मध्ये स्मारक संगोपन योजनेतून एका खासगी कंपनीकडे सोपविला. देखभालीला शासनाचा निधी अपुरा पडतो, हे वास्तव असल्याने खासगी सहभागाला सरसकट विरोध करणे योग्य ठरणार नाही. तथापि, २०१९ मध्ये किल्ल्यांवर हॉटेले उभारण्याच्या प्रस्तावावरून राज्यभर संताप उसळला आणि हा निर्णय असंरक्षित किल्ल्यांपुरताच असल्याचा खुलासा शासनाला करावा लागला. लोकांचा विरोध जेवणावळींना नव्हता. आपलेच दार आपल्याला बंद होईल, ही भीती त्यामागे होती.

ही भीती करारातूनच दूर होऊ शकते. कोणता भाग सर्वांसाठी खुला राहणार, उत्पन्नातील किती वाटा दुरुस्तीवर खर्च होणार आणि मूळ बांधकामाला धक्का लागल्यास जबाबदार कोण, हे त्यात स्पष्ट हवे. तो करार स्थानिकांना वाचता येईल असा मराठीत जाहीर व्हावा. वारसा पोटापाण्याला लागला तर बिघडत नाही. तो मूठभरांचा झाला तर मात्र बिघडते.