शंभर यार्डांच्या पलीकडे



वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत सायंकाळी सातनंतर रस्ते गजबजतात. वसई रोड स्थानकावर लोकलमधून उतरलेली माणसे घरी परतत असतात, शिकवणीच्या वर्गांतून मुले बाहेर पडत असतात आणि इमारतींच्या तळमजल्यावरील दुकानांत गर्दी असते. अशाच एका सायंकाळी आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा पानटपरीवर आला. मुठीतली नोट पुढे करून तो म्हणाला, “पप्पांची नेहमीची पुडी द्या.” दुकानदाराने काही न विचारता तंबाखूची पुडी दिली आणि सुट्या पैशांऐवजी एक चॉकलेट त्याच्या हातावर ठेवले. अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकणे हा दंडनीय अपराध आहे, असा फलक त्याच टपरीवर लावलेला होता.

या प्रसंगात चूक कोणाची, असे विचारल्यास आपण प्रथम दुकानदाराकडे बोट दाखवू. ते अयोग्य नाही, पण अपुरे आहे. माझे मत असे की, मुलांना तंबाखूपासून दूर ठेवणारे कायदे आपल्याकडे पुरेसे आहेत. परंतु त्यांचा हात घराच्या उंबरठ्याशी थांबतो. तेथून पुढचे काम आपणा प्रौढांचे आहे आणि तेच आपण टाळत आलो आहोत.

प्रथम कायद्याकडे पाहू. २००३ चा ‘कोटपा’ म्हणून ओळखला जाणारा केंद्रीय अधिनियम अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास मनाई करतो, तसेच शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत त्यांच्या विक्रीसही मनाई करतो. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी व विड्यांची विक्रीही राज्याने थांबवली. पाकिटावर धोक्याचे चित्र असते, सुट्या सिगारेटीवर नसते. शिवाय ती खाऊच्या पैशांत परवडते. म्हणून हा निर्णय मुलांच्या दृष्टीने महत्त्वाचा होता.

कायद्याने सवयी बदलत नाहीत, हे म्हणणेही सर्वस्वी खरे नाही. मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, ग्रंथालये, शिक्षणसंस्था, रेल्वे आदी सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. आज गच्च भरलेल्या विरार लोकलमध्ये कोणी सिगारेट शिलगावली, तर पोलीस येण्याआधी सहप्रवासीच त्याला अडवतील. कायदा तेथे टिकतो, कारण त्याच्या बाजूने बोलणारी माणसे तेथे आहेत. घरात मात्र असे बोलणारे कोणी नसते.

म्हणूनच पुडी आणणाऱ्या त्या मुलाकडे पुन्हा वळू. ‘कोटपा’खाली त्या विक्रीसाठी कमाल दंड केवळ २०० रुपये आहे. परंतु बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार बालकास तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम केवळ ‘विकण्या’विषयी बोलत नाही, ते ‘देण्या’विषयी व ‘द्यावयास लावण्या’विषयी बोलते. एखाद्या प्रकरणात त्याचा अर्थ कसा लावायचा, हे न्यायालय ठरवील. पण मुलाच्या हाती नोट देऊन त्याला टपरीवर पाठवणाऱ्या पित्याने हे शब्द एकदा तरी सावकाश वाचावेत.

आता शिक्षणाविषयी. शाळांच्या भिंतींवर बहुधा फुली मारलेली सिगारेट रंगवलेली असते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. अर्थात, अनेक मुलांच्या घरात सिगारेट नसते. चुन्याची डबी असते, आजीची मशेरी असते. भिंतीवरचे चित्र पाहून ते मूल प्रामाणिकपणे समजते की, हा धडा आपल्या घराविषयी नाही.

केवळ भीती दाखवूनही भागत नाही. चित्रपटगृहांत वर्षानुवर्षे दाखवलेली तोंडाच्या कर्करोगाची जाहिरात आठवा. तरुण वयात मरण पावलेल्या माणसाची ती खरी कहाणी, पण मुले तिची नक्कल करून हसू लागली. चाळीस वर्षांनी येणारा आजार दहा वर्षांच्या मुलाला दिसत नाही. त्याला आजचे हिशेब दिसतात: रोजच्या पुडीच्या पैशांत वर्षाकाठी काय आले असते, धावताना दम कोणाला लागतो, वेलचीच्या जाहिरातीत तंबाखूच्या कंपनीचेच नाव का झळकते. असे प्रश्न मुलांना स्वतः सोडवू द्यावेत. ते उत्तर त्यांच्या लक्षात राहते.

“मी स्वतः तंबाखू खातो, मग मुलाला कोणत्या तोंडाने सांगू?” असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो प्रामाणिक आहे. पण व्यसनाची पकड काय असते, हे व्यसनी माणसाइतके कोणालाच ठाऊक नसते. “मी तीनदा सोडली आणि तीनदा हरलो,” असे पित्याने लेकराजवळ कबूल करणे हा कोणत्याही भित्तिपत्रकाहून मोठा धडा आहे. चौथ्या प्रयत्नासाठी तंबाखूच्या पाकिटावरच १८००-११-२३५६ हा निःशुल्क मदतक्रमांक छापलेला असतो.

मित्रहो, आपण नोकरी आणि संसार सांभाळून, बहुधा घरच्याच टेबलाशी बसून हा अभ्यास करीत आहात. आपली मुले आपल्याला शिकताना पाहतात, हे इतर पालकांना सहसा न लाभणारे भाग्य आहे. शाळेपासून शंभर यार्ड अंतर मूल दोन मिनिटांत ओलांडते; त्यापुढची सारी वाट आपल्या वागण्याने आखली जाते. उद्या मुलाला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवाल, तेव्हा त्या यादीत तंबाखूची पुडी नसावी, आणि ती का नाही हे त्याने विचारल्यास दोन मिनिटे थांबून खरे उत्तर द्यावे.