उणे पाच गुणांचा खेळ

ब्रिटनमध्ये सोमवारी रात्री बीबीसी टू लावणाऱ्या घरांत एक खेळ वर्षानुवर्षं चालत आलाय. पडद्यावरच्या पोरांच्या आधी उत्तर द्यायचं. बहुतेकांना ते जमत नाही. तासाभरापूर्वी जेवताना जगाच्या अर्थकारणावर बोलणारा गृहस्थ अर्ध्या तासात एखाद-दोन उत्तरं देतो आणि त्यावर खूश असतो.

कार्यक्रमाचं नाव ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’. अमेरिकेतल्या ‘कॉलेज बोल’वरून ग्रॅनडा टेलिव्हिजनने तो बेतला आणि 21 सप्टेंबर 1962 रोजी आयटीव्हीवर सुरू केला. 1987 पर्यंत बॅम्बर गॅस्कॉइन प्रश्न विचारत होते. मध्ये काही वर्षं खंड पडला, 1994 पासून बीबीसीवर जेरेमी पॅक्समन आले, आणि 2023 पासून त्या खुर्चीत कोलकात्यात जन्मलेले अमोल राजन आहेत. एवढ्या काळात टीव्हीवर काय काय बदललं. या खेळाचे नियम मात्र जवळपास तसेच राहिले.

चार-चार विद्यार्थ्यांचे दोन संघ. पहिला प्रश्न दहा गुणांचा. बझर ज्याने दाबला त्यानेच, कुणाला न विचारता उत्तर द्यायचं. बरोबर आलं की पाच-पाच गुणांचे तीन प्रश्न, आणि तिथे आपसात कुजबुजायला मुभा. प्रश्न पुरा होण्याआधी बझर दाबून चुकलात तर पाच गुण वजा. पडद्यावर एक संघ दुसऱ्याच्या डोक्यावर बसलेला दिसतो, ती नुसती कॅमेऱ्याची करामत. प्रत्यक्षात दोघे शेजारी-शेजारी बसतात. विजेत्यांना रोख रक्कम नाही, मिळतो तो करंडक. 2017 मध्ये बॅलियल कॉलेजच्या संघाने तो स्टीफन हॉकिंग यांच्या हस्ते घेतला.

सगळं आलबेल होतं असं मुळीच नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची कॉलेजं स्वतंत्र संघ पाठवतात, बाकी विद्यापीठांना मात्र साधारणपणे एकच संघ. 1975 मध्ये मँचेस्टरच्या पोरांनी या पक्षपाताचा निषेध म्हणून प्रश्न कोणताही असो, उत्तरं दिली ती चे गव्हेरा, मार्क्स, ट्रॉट्स्की, लेनिन. तक्रार रास्त होती आणि आजही आहे. पुढे त्याच मँचेस्टरने वेगळा मार्ग धरला. विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या एका कर्मचाऱ्याने संघांना तालीम द्यायला घेतली आणि 2006 ते 2013 या काळात मँचेस्टरच्या नावावर चार विजेतेपदं लागली. त्यातलं 2009 चं मैदानावरचं नव्हे. अंतिम सामना जिंकलेल्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजचा एक खेळाडू स्पर्धा संपेपर्यंत विद्यार्थीच राहिला नव्हता, म्हणून संघ बाद झाला.

नियमांचा हा काटेकोरपणा कधीकधी हास्यास्पदही होतो. 2024 च्या सुरुवातीला नृत्यसंगीताच्या एका प्रकाराबद्दलच्या प्रश्नाला ‘ड्रम अँड बेस’ असं उत्तर आलं. राजन यांनी ते नाकारलं, ‘जंगल’ हेच हवं म्हणाले. त्यांच्या त्या वाक्यावर ठेका चढवून लोकांनी नाचायची गाणी केली.

भारतात हा प्रयोग झाला नाही असं नाही. 1985 च्या सुमारास दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा ‘क्विझ टाइम’ कॉलेजच्या संघांचाच होता. 2003-04 मध्ये त्यांनीच बीबीसी वर्ल्डवर ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ची भारतीय आवृत्ती चालवली, आणि ती जिंकली अंधेरीच्या सरदार पटेल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने. हे किती मराठी घरांना ठाऊक आहे? 2000 साली ‘केबीसी’त कोटी जिंकलेल्या हर्षवर्धन नवाथेंचं नाव मात्र अजून निघतं. अमरावती जिल्ह्यात शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे 2019 मध्ये करोडपती झाल्या, तेव्हा चर्चा त्यांच्या पगाराची जास्त झाली. एवढं वाचलं कधी आणि कसं, याची कमी. ज्ञान दाखवायचं तर आधी हलाखी दाखवा, असा अलिखित नियमच पडद्यावर झालाय. पैशाला नावं ठेवायचं कारण नाही. पण एकट्या माणसाला ‘हॉट सीट’वर बसवलं की चार डोकी एकत्र येऊन विचार कसा करतात, हे बघायला मिळत नाही, आणि खरी गंमत तिथेच असते.

मराठीत तर सामान्य ज्ञान म्हणजे एमपीएससी. अभ्यासिकेतली मुलं धरणं, कलमं, समित्या तोंडपाठ करतात ती नोकरीसाठी. खेळ म्हणून खेळणारी क्विझमंडळी पुण्यात, मुंबईत आहेत, पण त्यांचा कारभार बहुतेक इंग्रजीत. तो मराठीत का चालू नये? समजा प्रश्न असा सुरू झाला: ‘ज्यांच्या धाकट्या भावाला 1913 चं साहित्याचं नोबेल मिळालं...’ इथेच बझर दाबणारा फसण्याची शक्यता दाट, कारण रवींद्रनाथांना थोरले भाऊ अनेक. द्विजेंद्रनाथ म्हणालात तर उणे पाच. थांबलेल्याला पुढचं ऐकू येतं: आयसीएस झालेले पहिले भारतीय, सोलापूर-साताऱ्याला न्यायाधीश, तुकोबांचे अभंग बंगालीत नेणारे. सत्येंद्रनाथ टागोर. साताऱ्याच्या पोरीने हे ‘आयसीएस’ शब्दावरच ओळखलं तर घरचे सोफ्यावरून उठतील.

प्रेक्षक कुठून आणायचा, हा वाहिन्यांचा ठरलेला सवाल. 1963 पासून पुण्यातल्या ‘पुरुषोत्तम करंडक’ या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला भरत नाट्य मंदिर कोण भरतं? ‘अरे आवाज कुणाचा’ म्हणत घसा कोरडा करणारी कॉलेजची पोरंच ना? तिथेही पैशासाठी कोणी जात नाही, आणि 2022 मध्ये एकही एकांकिका त्या तोडीची नाही म्हणून परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही.

सह्याद्री वाहिनीकडे वरळीला स्टुडिओ आहे. आठ खुर्च्या आणि आठ बझर मांडायला फार खर्च नाही. खर्च येईल तो प्रश्न काढणाऱ्यांवर, आणि तिथे हात आखडता घेऊ नये. भांडण मात्र पहिल्याच बैठकीत होईल. मुंबई-पुण्याची कॉलेजं सुटी-सुटी उतरली तर गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाचं काय? तेव्हा ‘पुरुषोत्तम’च्या पुण्याबाहेरच्या केंद्रांसारख्या विभागवार फेऱ्या आधीच ठरवून टाकाव्यात, आणि दर विभागातून दोनच संघ वर यावेत.