नेम कोणाचा चुकतो?



१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तिन्ही अवस्थांत नेम धरण्याची ही स्पर्धा. अंतिम फेरीत त्याचे गुण झाले ४५१.४. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्य आणले, त्यानंतर महाराष्ट्राला मिळालेले हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कोल्हापूरला नेमबाजी नवी नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले. पण कांबळवाडीचे नाव झाले आणि ऊस-भाताच्या गावांतली पोरेही छर्‍याची रायफल मागू लागली.

भुदरगड तालुक्यातल्या एका बंधूंचे पत्र आले आहे. मुलगी दहावीत, वर्षभर १० मीटरच्या एअर रायफलचा सराव करते. रायफल दुसर्‍याची वापरलेली घेतली. ते लिहितात, "साहेब, पोरीला नेम जमत नाही. पाच गोळ्यांत पन्नासातले तीसच गुण पडतात. शिकवणारे सर आठवड्यातून एकदा येतात. आता सुगी तोंडावर आली, तिला यातून काढावी म्हणतो." सोबत तिने मारलेला कागद जोडला आहे.

तो कागद मी मोजपट्टी लावून पाहिला. पाचही छिद्रे १२ मिलिमीटरच्या घेरात बसतात. मात्र हा सगळा पुंजका मध्यापासून साधारण साडेबारा मिलिमीटर डावीकडे आहे. हा नेम न जमणार्‍याचा कागद नव्हे. ज्याचा हात किंवा श्वास चुकतो त्याची छिद्रे कागदभर विखुरतात. एकाच जागी पाच गोळ्या घालणारी पोर चुकत नाही, तिची रायफल चुकते. हाच पुंजका उचलून मध्यावर ठेवला तर एकही गोळी नऊच्या बाहेर जात नाही. एन.सी.सी.त गेलेल्या मुलांना हे ठाऊक असते. तिथे आधी ग्रुपिंग बघतात, गुण मागाहून.

आता रायफल का चुकते ते पाहू. या खेळात दुर्बीण चालत नाही. पुढे नळीच्या टोकाशी माशी असते, तिच्यात एक कडे बसवलेले असते. मागे डोळ्याजवळ बारीक भोकाची चकती. भोकातून कडे आणि कड्यात काळा गोल, अशी तिन्ही वर्तुळे एकात एक आली की चाप ओढायचा. डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसते, म्हणून कडे ठळक ठेवावे आणि काळा गोल थोडा धूसर दिसू द्यावा. नवशिकी मुले नेमके उलटे करतात.

माशी आणि मागची चकती यांत समजा ८० सेंटिमीटर अंतर आहे. १० मीटर म्हणजे त्याच्या साडेबारा पट. म्हणजे मागची चकती १ मिलिमीटर सरकली की कागदावर छर्रा साडेबारा मिलिमीटर सरकतो. ५० मीटरवर हाच फरक ६२ मिलिमीटरच्या वर जातो, आणि तिथले दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे! १० मीटरला तर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. या मुलीची सारी कहाणी एका मिलिमीटरची आहे.

शेतात उताराचे माप घेणार्‍यांना यात नवल वाटू नये. डंपी लेव्हलची नजर किंचित तिरकी असली तर जवळच्या पट्टीवर फरक कळतही नाही, लांबच्या पट्टीवर मात्र बोट-दोन बोटे चूक निघते आणि सरीतले पाणी उलट धावते. म्हणून शहाणा सर्व्हेअर यंत्र दोन्ही पट्ट्यांच्या मधोमध लावतो.

तेव्हा पत्र लिहिणार्‍या बंधूंनी आणि इतरांनीही असे करावे. रायफल रिकामी आहे याची आधी दोनदा खात्री करावी, नळीचे तोंड कोणाकडे नसावे, आणि हे काम सरांच्या देखत व्हावे. मगच हत्यार हातात घ्यावे. चकतीला लगेच हात लावू नका. ती ज्या पट्टीवर बसते ती पट्टी आधी बघा. मागची चकती यंत्राच्या अंगावरील पट्टीला शिकंजाने धरलेली असते. काही रायफलींत माशी मात्र नळीवर नसून नळीभोवतीच्या आवरणाच्या पट्टीवर असते, आणि ते आवरण मागे चार-सहा पेचांनी जोडलेले असते. वापरलेल्या रायफलीत हे पेच ढिले होतात किंवा कोणीतरी एकाच बाजूने आवळलेले असतात. मग पुढची पट्टी मागच्या पट्टीच्या रेषेत राहत नाही.

हे तपासायला मोठे कारखाने लागत नाहीत. लोखंडी सरळ पट्टी दोन्ही पट्ट्यांवर मिळून ठेवावी आणि उजेडाकडे धरावे. खालून उजेडाची चीर दिसली तर एक बाजू वर किंवा खाली आहे. तीच पट्टी कडेला लावून डावे-उजवे बघावे. मग रायफल शिकंजात अलगद, कापड घालून धरावी, मागच्या पट्टीवर गवंड्याची लहान पाणसळ ठेवून बुडबुडा मध्ये आणावा आणि ती पाणसळ उचलून पुढच्या पट्टीवर ठेवावी. तिथे बुडबुडा एका अंगाला पळाला तर पट्टी पिळलेली आहे. पेच सैल करून आवरण सरळ बसवावे आणि पंपाच्या फ्लँजचे बोल्ट आवळतो तसे समोरासमोरचे पेच थोडे थोडे, आळीपाळीने आवळावेत. एकच पेच एकदम ताणला की सगळे परत वाकडे.

काही जण म्हणतील, इतका खटाटोप कशाला, चकती फिरवून भागवू. भागते, पण एकाच अंतरापुरते. माशी २ मिलिमीटर बाजूला असताना चकतीने १० मीटरला नेम जुळवला, तर ५० मीटरला नजर ८ मिलिमीटर दुसर्‍या अंगाला जाते. पिळाचेही तसेच. पॉइंट टू-टू ची गोळी ५० मीटर जाईपर्यंत नळीच्या रेषेपासून बारा सेंटिमीटरच्या आसपास खाली येते. ते भरून काढायला नळी जराशी वर रोखलेली असते. रायफल पाच अंश कलली तर हा वरचा रोख कडेला वळतो आणि गोळी सुमारे एक सेंटिमीटर बाजूला पडते. दहाचे नऊ होतात.

पट्टी सरळ झाली की मगच नेम जुळवणे. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच गोळ्या माराव्या. एकेका गोळीमागे चकती फिरवू नये, पुंजक्याचा मध्य काढून त्याचे अंतर मोजावे. गोळी जिकडे न्यायची तिकडे मागची चकती सरकवावी. माशी सरकवायची असेल तर उलट. पुंजका डावीकडे आहे, म्हणजे चकती उजवीकडे. किती, ते वरच्या हिशेबाने निघते, आणि एका टिचकीला किती फरक पडतो हे चकतीच्या माहितीपत्रकात असते. पुन्हा पाच गोळ्या, पुन्हा मोजणी. टिचक्यांचा आकडा वहीत लिहावा.

रानडुकरांसाठी ज्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक आहे, त्यांनी हा हिशेब तिला लावू नये. तिच्यावर फक्त माशी असते, मागे चकती नसते, आणि नळी आतून गुळगुळीत. ते हत्यारच वेगळे, कायदाही वेगळा.

नेम जुळल्यावर प्रत्येक पेचाच्या माथ्यावरून शेजारच्या लोखंडावर जाईल अशी पांढर्‍या रंगाची बारीक रेघ ओढून ठेवावी. पेच फिरला की रेघ तुटलेली दिसते. भुदरगडच्या बंधूंनी दुरुस्तीनंतरचा कागद जरूर पाठवावा, आणि माशी ते चकती हे अंतर सेंटिमीटरमध्ये लिहावे. मी ८० धरले आहे, त्यांच्या रायफलीचे कमी-जास्त असेल.