प्रोस्टेटची शस्त्रक्रिया आणि घरातील मौन

शाहू मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला उभा राहणारा व्यापारी रव्याचा रंग, कण आणि चव पारखल्याशिवाय बोली लावत नाही. गुजरीतील सराफ कसाला लावल्याविना सोने घेत नाही. मात्र असाच चोखंदळ गृहस्थ साठी-पासष्टीत प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल होतो, तेव्हा संमतिपत्रावर न वाचताच स्वाक्षरी करतो. लैंगिक क्षमतेवर परिणाम संभवतो, अशा अर्थाची एक ओळ त्या कागदावर असते. मुलाने ती वाचलेली असते. परंतु वडिलांना समजावून सांगण्याचा संकोच वाटून तो पान उलटतो. पुढे काही महिन्यांनी त्या ओळीचा अर्थ घरातील दोन माणसांना, एकमेकांशी चकार शब्द न बोलता, उमगतो.

प्रोस्टेट, अर्थात पुरःस्थ ग्रंथी, ही पुरुषांच्या शरीरात मूत्राशयाच्या खाली मूत्रनलिकेला वेढून असते. आकाराने ती साधारण अक्रोडाएवढी. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती निर्माण करते. ‘प्रोस्टेटचे ऑपरेशन’ या एकाच नावाखाली पेठेत दोन अगदी निराळ्या शस्त्रक्रियांची चर्चा चालते आणि निम्मा गोंधळ तेथेच होतो. वयोमानाने ग्रंथी वाढून लघवीला अडथळा झाला, तर दुर्बिणीच्या साहाय्याने मूत्रमार्गातून आतला वाढलेला भाग खरवडून काढतात. ग्रंथीचे बाहेरचे कवच जागेवर राहते. त्यानंतर बहुधा वीर्य बाहेर न येता उलट मूत्राशयात जाते व लघवीवाटे निघून जाते. त्यात अपाय काही नसतो आणि ताठरता बहुतेकांची टिकून राहते. कर्करोगासाठी मात्र संपूर्ण ग्रंथी, तिला जोडलेल्या वीर्यकोशांसह, काढावी लागते. शेजारच्या दुकानदाराला काहीच फरक पडला नाही, म्हणून आपल्यालाही पडणार नाही, हा हिशोब त्यामुळेच फसतो. उलट हिशोबही तितकाच महागात पडतो. कर्करोगाच्या रुग्णाची कथा ऐकून साध्या वाढीचा रुग्ण धास्तावतो आणि लघवी पूर्ण तुंबून नळी घालण्याची वेळ येईपर्यंत दुखणे अंगावर काढतो.

संपूर्ण ग्रंथी काढल्यावर वीर्य येणेच थांबते व नैसर्गिक रीतीने अपत्य होऊ शकत नाही. तरुण वयात ही वेळ आलेल्याने शुक्राणू गोठवून ठेवण्याविषयी आधीच विचारलेले बरे. सुखाच्या परमोच्च क्षणाची जाणीव मात्र उरू शकते. इच्छाही उरते, कारण पुरुषी संप्रेरक मुख्यतः वृषणांत तयार होते आणि त्यांना या शस्त्रक्रियेत हात लागत नाही. (कर्करोगासाठी ते संप्रेरकच रोखण्याचा उपचार वेगळा, त्याचा पाया घालणाऱ्या चार्ल्स हगिन्स यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या उपचारात इच्छा ओसरते.) मन तयार आणि शरीर साथ देत नाही, ही अवस्था पुरुषाला सर्वांत अधिक झोंबते.

एके काळी ही हानी जवळजवळ अटळ मानली जाई, कारण ताठरतेचे मज्जातंतू नेमके कोणत्या वाटेने जातात, हेच शल्यविशारदांना नीट ठाऊक नव्हते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे पॅट्रिक वॉल्श १९८१ मध्ये नेदरलँड्समधील लायडेन येथे निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर यांना भेटले. मृतजात अर्भकाच्या शरीरात दोघांनी मिळून त्या तंतूंचा माग काढला. ते तंतू ग्रंथीतून नव्हे, तर तिच्या दोन्ही अंगांनी, कवचाच्या बाहेरून जातात, असे दोघांना आढळले. पुढल्याच वर्षी, एप्रिल १९८२ मध्ये, वॉल्श यांनी तंतू हेतुपुरस्सर राखून शस्त्रक्रिया केली. आज यंत्रमानवाच्या साहाय्याने होणारी शस्त्रक्रियाही याच ज्ञानावर उभी आहे. केवळ यंत्र महाग म्हणून हमी अधिक, असे मात्र नव्हे. कर्करोग तंतूंना भिडला असेल तर तंतू सोडून द्यावेच लागतात. तेथे आधी प्राण.

तंतू राखले तरी हाताळणीने ते काही काळ निपचित होतात. ताठरता परतण्यास दीड-दोन वर्षेही लागू शकतात. सर्वांची ती पूर्वीइतकी परतत नाही. वय, शस्त्रक्रियेपूर्वीची क्षमता आणि मधुमेह यांवर पुष्कळ अवलंबून असते, आणि गादीवर बसून दिवस काढणाऱ्या व्यापारी घरांत मधुमेह नवा नाही. सिल्डेनाफिल, टाडालाफिल यांसारख्या गोळ्या, निर्वात पंप, इंजेक्शन, अखेरीस रोपण असे उपाय आहेत. गोळीने इच्छा निर्माण होत नाही आणि दोन्ही बाजूंचे तंतू गेले असल्यास तिचा उपयोग फारसा होत नाही. छातीदुखीसाठी नायट्रेट वर्गातील, उदाहरणार्थ जिभेखाली ठेवण्याची, गोळी घेणाऱ्याने या गोळ्या घेतल्यास रक्तदाब एकाएकी कोसळून जिवावर बेतू शकते. लाजेपोटी हृदयरोगतज्ज्ञांपासून औषध लपवणारा स्वतःलाच फसवतो. जाहिरातीतील शक्तिवर्धक चूर्णांत हेच रसायन न सांगता मिसळलेले अनेकदा आढळले आहे.

समाजात आणखी एक समजूत कानी येते. ‘आता वय झाले, व्रत घेण्याचेच दिवस, आपोआप ब्रह्मचर्य घडले.’ ऐकायला हे समाधानाचे वाटते. परंतु व्रत म्हणजे समजून-उमजून केलेला त्याग. श्रावकाच्या अकरा प्रतिमांत ब्रह्मचर्य प्रतिमा सातवी आहे. तेथवर पायरीपायरीने जायचे असते. पती-पत्नी सजोडे गुरूंसमोर व्रत घेतात, तेव्हा दोघांचीही संमती तेथे असते. शस्त्रक्रियेने हिरावलेल्या शक्तीला व्रताचे नाव दिले, तर पत्नीला कोणी विचारलेलेच नसते. पती अंथरूण वेगळे करतो आणि कारण सांगत नाही. मग तिला वाटते, आपलेच काही चुकले, किंवा आपण आता नकोशा झालो. प्रत्यक्षात तो खोकल्यासरशी लघवीचे थेंब गळतात म्हणून अवघडलेला असतो. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम नेमाने केल्यास ही गळती बहुतेकांत काही महिन्यांत आटोक्यात येते. तेवढे जरी त्याने बोलून दाखवले, तरी तिच्या मनावरचे ओझे उतरेल. ज्या जोडप्याला खरोखरच व्रत घ्यायचे असेल, त्याने ते जरूर घ्यावे, पण मिळून.

र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून हे विषय मराठीत उघडपणे मांडले आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले. आज डॉक्टरांच्या खोलीत खटल्याचे भय नाही. अडचण असते ती समोर बसलेल्या मुलाची किंवा जावयाची. त्यांच्यादेखत वडील हा प्रश्न विचारणार नाहीत, आणि डॉक्टरही मग आपणहून विषय काढत नाहीत. मुलाला औषधे आणण्यास खाली पाठवावे, मोकळ्या झालेल्या खुर्चीवर पत्नीला बसवावे आणि डॉक्टरांना विचारावे: शस्त्रक्रिया या दोहोंपैकी कोणती, तंतू एका बाजूचे राखता येतील की दोन्ही, आणि पहिल्या वर्षभरात काय अपेक्षा धरावी? प्रश्न चिठ्ठीवर लिहून नेले तरी चालेल.