वही उघडताना कपाट उघडे नको

केडगावला आमच्या गटाची बैठक होती. वर्षभरात केंद्रावर आलेल्या तक्रारींचा आढावा घ्यायचा होता. पुण्यात शिकणारी एक मैत्रीण आकडेमोडीला मदत करते. तिने केंद्राचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला आणि ज्युपिटर नोटबुक उघडली. ब्राउझरमध्ये उघडणारी ही एक वहीच. तिच्यात प्रोग्रॅम लिहायचा आणि तिथेच चालवायचा. हवी ती फाईल सापडेना म्हणून तिने एक ओळ लिहिली: या यंत्रावरच्या सगळ्या फाईली दाखव. भिंतीवर यादी उतरली. आम्ही फाईलला बाईचेच नाव देतो. नाव, आडनाव, गाव. समोर वीसेक जणी बसलेल्या, त्यातल्या दोघीतिघी त्याच गावांतल्या. तिने घाईघाईने लॅपटॉप मिटला, पण वाचायचे ते वाचून झाले होते.

नंतर सगळ्यांनी त्या मुलीला बोल लावला. मला ते पटले नाही. दोष आमचा, संघटनेचा आहे.

बाईचे नाव गुप्त राहावे यासाठी आपण किती झगडलो ते आठवा. मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ च्या दुरुस्तीने बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणे हा गुन्हा ठरला. भारतीय दंड संहितेचे ते कलम २२८अ. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम ७२ म्हणून आले आहे. नवऱ्याच्या मारहाणीची किंवा पोटगीची तक्रार त्या कलमात बसत नाही हे खरे. पण विश्वासाने आपल्याकडे आलेल्या बाईला कलम सांगून काय उपयोग? न्यायालयाकडून जी गुप्तता मागितली ती आपल्या टेबलावर का नसावी?

यंत्राची गोष्टही समजून घ्यायला हवी, कारण फसगत तिथेच होते. नोटबुक ब्राउझरमध्ये दिसते, म्हणून आपल्याला ती एखाद्या वेबपानासारखी वाटते. साधे वेबपान आपल्या परवानगीवाचून संगणकावरच्या फाईली वाचू शकत नाही. ब्राउझर त्याला कुंपणात ठेवतो. नोटबुकमधला प्रोग्रॅम मात्र पानात चालत नाही. तो पाठीमागे, संगणकावर, ज्या खात्यातून नोटबुक सुरू केली त्या खात्याच्या सगळ्या अधिकारांनिशी चालतो. ते खाते जी फाईल वाचू शकते ती तो वाचतो, आणि जी पुसू शकते ती पुसतो. नोटबुकला एकच फोल्डर नेमून देण्याची सोय आहे, पण तिने फक्त डोळ्यांसमोरची यादी आखडते. प्रोग्रॅम त्या फोल्डरबाहेर खुशाल जातो. आमच्याकडे हीच सोय लावलेली होती आणि आम्ही निर्धास्त होतो. कुलूप समजलो होतो, तो पडदा निघाला.

“पासवर्ड आहे की,” असे एकीने म्हटले. पासवर्ड दारात कोण आले ते पाहतो. आत आल्यावर कोणते कपाट उघडायचे ते तो ठरवत नाही. दुसरी म्हणाली, आपल्याच मुलीवर असा अविश्वास दाखवायचा? प्रश्न मुलीचा नाहीच. कुठून तरी उतरवून घेतलेला प्रोग्रॅमचा तुकडा त्या नोटबुकमध्ये चालतो, त्याचा आहे. तो कोणी लिहिला हे तिलाही ठाऊक नसते. कुंपण घातले तर तिच्याही हातून भलते होणार नाही, आणि तिला बोलही लागणार नाही.

माझे म्हणणे असे. नोटबुक चालवायला संगणकावर वेगळे खाते काढावे. त्या खात्याला एकाच फोल्डरची परवानगी असावी, तीही फक्त वाचण्याची. उत्तरे लिहायला दुसरा रिकामा फोल्डर द्यावा. जाणकार मैत्रीण असेल तर तिने डॉकरच्या कंटेनरमध्ये नोटबुक चालवावी आणि तोच एक फोल्डर आत जोडावा. गूगलच्या कोलॅबवर काम करणाऱ्यांनी विशेष जपावे: तिथे ड्राइव्ह जोडली की आपली सगळीच ड्राइव्ह प्रोग्रॅमला दिसते, म्हणून त्या कामापुरते वेगळे खातेच बरे. आणि त्या फोल्डरमध्ये नावे नसावीत, क्रमांक असावेत. गावाऐवजी तालुका लिहावा. गाव, वय आणि मुलांची संख्या एवढ्यावरूनही बाई ओळखू येते, हे खेड्यात राहणारीला सांगायला नको.

“हे आपल्याला कुठे जमणार, एखाद्या मुलाला बोलवू,” हा सूर मला सर्वांत खटकतो. आपल्या कपाटाची किल्ली पुन्हा दुसऱ्याच्याच हाती! ज्या केडगावात आम्ही बसलो होतो तिथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये बायका खिळे जुळवत होत्या, छापखाना चालवत होत्या. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, तिथूनच छापून निघाले. वेगळे खाते काढायला खिळे जुळवण्याइतकी मेहनत लागत नाही. एक दुपार पुरते.

आमच्याकडे दोघी सध्या फाईलींची नावे बदलत आहेत. क्रमांकापुढे नाव लिहिलेली वही कागदाची आहे आणि ती कपाटात आहे. ज्यांची नावे त्या दिवशी भिंतीवर आली, त्यांच्याकडे आम्ही एकेकीकडे जाऊन झाला प्रकार सांगत आहोत. तिघींकडे जायचे अजून राहिले आहे.